दिल्लीच्या धुक्यात विमानं उतरतात, मग उडत का नाहीत?

बकुळा:
घरच्या ग्रुपवर दिरांनी एक व्हिडिओ टाकला. दिल्ली, पहाट, खिडकीबाहेर सगळं पांढरंफटक, पंखाचं टोकसुद्धा दिसत नाही. आणि एकदम धाडकन चाकं टेकतात. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, 'पायलटच्या धाडसाला सलाम' वगैरे.

गंमत म्हणजे त्याच सकाळी माझा भाऊ दिल्लीहून पुण्याला यायला निघाला होता. दारं बंद, पट्टे बांधलेले आणि विमान जागचं हलेना. कारण विचारलं तर धुकं. त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, दुसरी विमानं उतरत होती.

मला हे झेपत नाहीये. आभाळातून काही न दिसता खाली येता येतं, पण जमिनीवर सरळ पळून वर जाता येत नाही? उलट असायला हवं ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा, धुक्यात जमेल तेवढा.

मिरचीभजी:
खुर्ची टाकून बसलोय. चहा सांगितलाय.

उजवी_सीट:
बकुळाताई, प्रश्न बरोबर जागी लागलाय. एअरबस ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर आहे, कंपनी विचारू नका.

आधी ते धाडस बाजूला ठेवू. ज्याला धाडस करायची हौस आहे त्याला त्या हवेत पाठवत नाहीत. आमच्या विमानात एवढ्या धुक्यातलं लँडिंग हाताने करायची परवानगीच नाही. ऑटोपायलट उतरवतो, आणि एक नव्हे, दोन्ही ऑटोपायलट एकाच वेळी लावलेले असतात. टेकऑफ मात्र हातानेच. ऑटोपायलट लागतो तो चाकं जमीन सोडून वर गेल्यावर. धावपट्टीवर कॅप्टन मधल्या दिव्यांच्या रांगेकडे बघत विमान सरळ ठेवतो. त्यात एखादं इंजिन गेलं तर विमान एका बाजूला जोरात ओढलं जातं, आणि त्या क्षणी समोरचे काही दिवे दिसायलाच हवेत. म्हणून आपल्याकडे टेकऑफला साधारण १२५ मीटर आरव्हीआर लागतो आणि कॅट थ्री बी लँडिंगला ५० मीटर पुरतो. भावाची सकाळ बहुधा या ५० आणि १२५ च्या मधे गेली.

बकुळा:
अरे वा! पण आरव्हीआर काय, कॅट थ्री बी काय, जरा मराठीत सांगा की. आमच्याकडे कॅट म्हणजे एमबीएची परीक्षा.

उजवी_सीट:
सांगतो. आरव्हीआर म्हणजे धावपट्टीवर किती लांबपर्यंत दिसतं तो आकडा. कॅट म्हणजे कॅटेगरी. कॅट वनमध्ये जमिनीपासून २०० फुटांवर येईपर्यंत दिवे किंवा धावपट्टी दिसली पाहिजे, नाही दिसली की इंजिनं पूर्ण जोरात आणि वर. आरव्हीआर किमान ५५० मीटर. कॅट टूमध्ये हीच निर्णयाची उंची १०० फूट आणि आरव्हीआर ३००. कॅट थ्री ए म्हणजे १०० फुटांच्याही खाली, १७५ मीटरपर्यंत. थ्री बीमध्ये निर्णयाची उंची ५० फुटांच्या खाली किंवा नाहीच, आणि आरव्हीआर ५० मीटरपर्यंत. थ्री सी नावाची एक पायरी कागदावर होती, सगळंच शून्य. ती कुठेच वापरात आली नाही, कारण उतरल्यावर फाटक कुठे आहे ते शोधणार कोण?

५० मीटर म्हणजे किती ते बघा. टेकताना आमचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ७० मीटर. जे दिसतं ते 'दिसलं' असं म्हणेपर्यंत मागे गेलेलं असतं. अशा वेळी माणसाने बघून निर्णय घ्यायचा ही अपेक्षाच चुकीची. म्हणून काही विमानांना, काही कंपन्यांना 'नो डीएच', म्हणजे निर्णयाची उंचीच नाही, असं मंजूर असतं: काही दिसलं नाही तरी चालेल, यंत्रणा शाबूत असली पाहिजे.

कॉकपिटमधे तेव्हा फार शांतता असते. हजार फुटांच्या वर असताना टॉवरने सांगितलेला आरव्हीआर मर्यादेखाली गेला तर पुढे यायचंच नाही. हजाराच्या खाली आल्यावर पडला तर चालू ठेवता येतं. ४०० फुटांच्या सुमारास समोरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'लँड' उमटतं. ३५० पर्यंत नाही उमटलं तर वर. शंभर फूट ही आमची अलर्ट हाइट. त्याच्या वर काही बिघडलं तर गो-अराउंड, त्याच्या खाली एक ऑटोपायलट गेला तरी दुसरा काम पुरं करतो. २०० फुटांच्या खाली दोघांच्या समोर एक लाल दिवा असतो, 'ऑटोलँड' लिहिलेला. तो लागला आणि बाहेर काही दिसत नसेल तर चर्चा नाही, सरळ वर. मग फिफ्टी, फोर्टी, थर्टी असा यंत्राचा आवाज. चाळिसाच्या आसपास नाक हळूच उचललं जातं. दहा फुटांवर 'रिटार्ड' म्हणतं, कॅप्टन थ्रॉटल मागे घेतो. मी या सगळ्यात बाहेर बघतच नाही, माझे डोळे आकड्यांवर. टेकल्यावरही ऑटोपायलट विमान मध्यरेषेवर धरून ठेवतो.

व्हिडिओतला 'धाडकन' तेवढ्यासाठी. अलगद टेकवण्यापेक्षा ठरलेल्या पट्ट्यात टेकवणं यंत्राला महत्त्वाचं.

ठोकताळा:
सगळं यंत्रच करतं तर पायलटला एवढा पगार कशाला? आणि यंत्र एवढं हुशार तर दर जानेवारीत दिल्लीचा बोऱ्या का वाजतो? मला तर वाटतं, विमान अर्धं रिकामं असलं की धुक्याच्या नावाखाली रद्द करतात.

मिरचीभजी:
आले. धागा शंभरी गाठणार.

निवृत्त_बिनतारी:
उजवी_सीट यांनी वरची बाजू सांगितली, खालची मी सांगतो. नोकरी सगळी विमानतळांवरच्या रेडिओ उपकरणांत गेली. ठोकताळा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, जरा धीर धरा.

विमान ज्याच्या मागोमाग येतं ती यंत्रणा म्हणजे आयएलएस. तिचे दोन भाग. लोकलायझर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकापुढे असतो, आडवी पसरलेली अँटेनांची रांग. १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो चालतो आणि त्याच्या लहरीवर दोन सूर चढवलेले असतात, एक ९० हर्ट्झचा, एक १५० चा. उतरणाऱ्याच्या डाव्या बाजूला ९० चा जोर, उजव्या बाजूला १५० चा. विमानातलं यंत्र फक्त एवढंच बघतं की दोघांत कोण जास्त आहे. दोघे सारखे म्हणजे तुम्ही मध्यरेषेवर. दुसरा भाग ग्लाइड स्लोप. तो धावपट्टीच्या बाजूला, सुरुवातीपासून साधारण ३०० मीटर आत, उंच खांबावर असतो. ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्झ, तेच दोन सूर, पण वर-खाली: वर ९०, खाली १५०. दोघे सारखे होतात ती रेषा जमिनीशी सुमारे ३ अंशांची. झालं. विचार १९३० च्या दशकातला आहे आणि अजून त्याला तोड नाही.

आता लोकांना माहीत नसलेली गोष्ट. ग्लाइड स्लोपची लहर समोरच्या जमिनीवर आपटून वर जाते आणि सरळ गेलेल्या लहरीत मिसळते, तेव्हा कुठे तो ३ अंशांचा उतार तयार होतो. म्हणजे अँटेनासमोरचं मैदान हा अँटेनाचाच अर्धा भाग. तिथे गवत गुडघाभर वाढलं, पावसाचं पाणी साचलं, कुणी मातीचा ढीग टाकला, की उतार हलतो. आमच्या पावसाळ्यातल्या डोकेदुख्यांपैकी निम्मी गवताची. कापायला ट्रॅक्टर आणायचा तर आधी टॉवरची परवानगी, कारण तो पत्र्याचा ट्रॅक्टर अँटेनासमोरून फिरायला लागला की वर कुणाच्या तरी काट्याला झटके. लाखो रुपयांचं उपकरण आणि साहेब फोनवर विचारतायत, 'गवत कापलं का रे?'

उपकरण स्वतःवरही पाळत ठेवतं. समोर मॉनिटर अँटेना असतात. सिग्नल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर कॅट थ्रीत २ सेकंदांच्या आत दुसरा ट्रान्समीटर आला पाहिजे नाहीतर सगळं बंद पडलं पाहिजे. चुकीचा सिग्नल देण्यापेक्षा काहीच न देणं बरं. वीज गेली तर धावपट्टीच्या मुख्य दिव्यांना १ सेकंदात पर्यायी वीज मिळायला हवी. डिझेल जनित्र एवढ्यात सुरू होत नाही, म्हणून धुक्यात बऱ्याच ठिकाणी दिवे आधीच जनित्रावर घेतात आणि महावितरण असो की दिल्लीची वीज कंपनी, तिला राखीव ठेवतात. शिवाय ठरावीक काळाने विमानतळ प्राधिकरणाचं तपासणी विमान येऊन हाच मार्ग उडून मोजून जातं. त्यांच्या रिपोर्टची वाट आम्ही बोर्डाच्या निकालासारखी बघायचो.

आता ठोकताळा तुमचं. विमानाचं शेपूट म्हणजे पाच मजली पत्र्याची भिंत. ती लोकलायझरच्या वाटेत उभी राहिली तर सिग्नल आपटून वाकडा होतो. स्वच्छ हवेत पायलटला धावपट्टी दिसत असते, त्याला फरक पडत नाही. धुक्यात ऑटोपायलट त्या सिग्नलवर विसंबून आहे. म्हणून धुक्याचे नियम लागू झाले की धावपट्टीभोवतीचा मोठा पट्टा मोकळा ठेवायचा, थांबणारी विमानं लांबच्या कॅट थ्री रेषेवर उभी करायची, आणि आधीचं विमान त्या पट्ट्याबाहेर पडल्याशिवाय मागच्याला उतरू द्यायचं नाही. दोन विमानांमधलं अंतर बरंच वाढतं. जिथे तासाला एवढी विमानं यायची तिथे निम्मीशिम्मी येतात. यंत्र उत्तम चाललं तरी रांग लागणारच. यात रिकाम्या सीटांचा काही संबंध नाही.

इसारकाठी:
बिनतारी काका, त्या मोकळ्या पट्ट्याचं महत्त्व आमच्या गावाने बघितलंय. म्युनिक, ३ नोव्हेंबर २०११. सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७. हवा तितकी वाईट नव्हती, त्यामुळे विमानतळावर धुक्याचे नियम लागू नव्हते. कॅप्टनने तरी ऑटोलँड घेतलं, जे करायला हरकत नसते. त्याच वेळी त्याच धावपट्टीवरून एक छोटं अव्ह्रो जेट उडालं आणि लोकलायझरच्या अँटेनावरून गेलं. सिग्नल वाकला. ७७७ अगदी टेकायच्या बेताला होतं, ते ऑटोपायलटने इमानेइतबारे डावीकडे वळवलं. विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं, परत आलं, धावपट्टी ओलांडून उजवीकडच्या गवतात जाऊन थांबलं. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या मैदानातले चाकांचे चर वरून काढलेल्या फोटोत बघा, पोटात गोळा येतो.

उजवी_सीट:
आमच्या ट्रेनिंगमध्ये ही केस दाखवतात. स्वच्छ हवेत सरावासाठी ऑटोलँड करायचं असेल तर टॉवरला आधी सांगा, आणि पट्टा सुरक्षित नाही हे गृहीत धरून हात कंट्रोलवर ठेवा. पगार कशाला याचंही हेच उत्तर, ठोकताळा. यंत्र शंभर वेळा बरोबर करतं. ते कधी बरोबर करत नाहीये हे दोन सेकंदांत ओळखायला माणूस बसवलाय.

पाषाणकर:
आरव्हीआर नीट सांगायचा राहिलाच. रनवे व्हिज्युअल रेंज, म्हणजे धावपट्टीच्या मध्यरेषेवरून पायलटला दिवे किंवा खुणा किती लांबपर्यंत दिसतील तो आकडा. टीव्हीवर सांगतात ती दृश्यमानता वेगळी. धावपट्टीचे दिवे प्रखर असतात, धुकं चिरून येतात, त्यामुळे 'दृश्यमानता शून्य' अशी बातमी चालू असताना आरव्हीआर सव्वाशे-दीडशे असू शकतो आणि विमानं उतरत असतात. बातमीदारांना हे कुणीतरी समजावून सांगा.

मोजायला ट्रान्समिसोमीटर असतो. एका खांबावरून प्रकाश सोडायचा, समोरच्या खांबावर किती पोचला ते मोजायचं, त्यात दिव्यांची प्रखरता आणि आजूबाजूचा उजेड धरून हिशेब करायचा. धावपट्टीच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी असे तीन लावतात, कारण धुकं सगळीकडे सारखं नसतं. आधी ही यंत्रं परदेशातून यायची. आता बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने बनवलेलं 'दृष्टी' देशातल्या बऱ्याच विमानतळांवर आहे.

आणि यात पुण्याचा मोठा हात आहे, तो कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था, आपली आयआयटीएम, २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा अभ्यास करतेय. वायफेक्स नाव. तापमान, दमट हवा, जमिनीतली ऊब, हवेतले कण, धुक्याचे थेंब, सगळं मोजायचं आणि त्यावरून अंदाज द्यायचा. पुण्यातली माणसं डिसेंबरात कुडकुडत त्या मनोऱ्यापाशी उभी असतात.

दिल्लीलाच एवढं का? पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभाने थोडा पाऊस पडतो, शिवाय गंगा-यमुनेच्या मैदानातली ओली शेतं. नंतर आकाश निरभ्र होतं, वारा पडतो, रात्रभर जमीन थंड होते आणि तिच्यालगतची हवाही. वर थोडी उबदार हवा झाकणासारखी बसते. त्यात धूर आणि धूळ, म्हणजे थेंब धरायला कणच कण. धुकं पडणार हे आदल्या दिवशी बऱ्यापैकी सांगता येतं. ते सकाळी साडेनऊला उठेल की बाराला, हे सांगणं खरं अवघड, आणि विमान कंपन्यांना नेमकं तेच हवं असतं.

बकुळा:
मस्त चालली आहे चर्चा. बातम्यांत 'अति दाट धुकं' म्हणतात त्याला काही माप आहे की उगाच विशेषण?

पाषाणकर:
माप आहे. हवामान खात्याच्या हिशेबात २०० मीटरच्या खाली दृश्यमानता गेली की दाट, ५० च्या खाली अति दाट.

जुनीपुराणी:
थोडा इतिहास टाकतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

२४ सप्टेंबर १९२९ ला न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल नावाच्या पायलटने कॉकपिटवर कापडी झाकण ओढून, बाहेरचं काही न बघता विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. पुढच्या सीटवर सोबतीला एक पायलट होता, त्याने हात वर काढून ठेवले होते म्हणे. समोर नवीन उपकरणं: कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक जायरो, अचूक उंचीमापक. आजच्या कॉकपिटातल्या पडद्यावर तीच तिघं आहेत. २६ जानेवारी १९३८ ला वॉशिंग्टनहून पिट्सबर्गला गेलेलं प्रवासी विमान हिमवादळात आयएलएसवर उतरलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी वेगळाच उपाय काढला. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी पाइप टाकून त्यात पेट्रोल जाळायचं, उष्णतेने धुकं विरतं. फिडो नाव होतं. चालायचंही. पण तासाला हजारो गॅलन पेट्रोल! युद्धात परवडतं, तिकिटाच्या पैशांत नाही.

मग लंडनचं धुकं हाच त्यांचा छळ होता, त्यामुळे ऑटोलँडवर सगळ्यात जास्त डोकं त्यांनीच लावलं. १० जून १९६५ ला पॅरिसहून हीथ्रोला आलेल्या ट्रायडंटने शेवटचा टप्पा, ते नाक उचलणं, प्रवासी बसलेले असताना आपोआप केलं. प्रवाशांना नंतर प्रमाणपत्रं वाटली असती तर मी तरी ते फ्रेम करून लावलं असतं.

ठोकताळा:
इतिहास छान आहे. वर्तमानाचं बोला. १४ जानेवारी २०२४ आठवतंय? दिल्लीत शेकडो विमानं लटकली. गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान मुंबईला वळवलं आणि लोक धावपट्टीशेजारी, टारमॅकवर मांडी घालून जेवले. त्याचे फोटो जगभर गेले. तेव्हा कुठे होती तुमची कॅट थ्री?

निवृत्त_बिनतारी:
प्रश्न रास्त आहे. तेव्हा दिल्लीची १०/२८ ही धावपट्टी नव्याने डांबर टाकायला बंद होती, आणि ती कॅट थ्रीची. ऐन धुक्यात एक हात बांधलेला. कामाला इतका वेळ का लागावा, हा प्रश्न तेव्हा आम्हीही आपसांत विचारत होतो. २०२५ मध्येही तिच्या आयएलएसच्या कामासाठी ती पुन्हा बंद ठेवली, पण यावेळी धुक्याच्या आधी. एवढं शहाणपण आलं.

उजवी_सीट:
दुसरी बाजू माणसांची. धावपट्टी, विमान आणि दोन्ही पायलट, सगळ्यांना कॅट थ्रीची मान्यता लागते. एकही कमी पडला तर विमान वळणार. डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा, धुक्याचा अधिकृत काळ १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी, आणि त्यात दिल्लीच्या फ्लाइटवर कॅट थ्री प्रशिक्षित पायलट घालणं बंधनकारक. २०२३ च्या डिसेंबरात दिल्लीची बरीच विमानं वळली, चौकशीत दोन कंपन्यांनी असे पायलट घातलेच नव्हते असं निघालं, प्रत्येकी ३० लाखांचा दंड झाला. म्हणजे ठोकताळा, तुम्हाला राग धरायचाच असेल तर धुक्यावर नका धरू, रोस्टर बनवणाऱ्यावर धरा.

ठोकताळा:
हे ऐकायलाच आलो होतो. रद्द विमानांबद्दलची माझी शंका मात्र मी सोडलेली नाही.

हँगरमधला:
रोस्टरबरोबर आम्हालाही धरा. मी विमान दुरुस्तीत. रात्रपाळीत एखादा रेडिओ अल्टिमीटर कुरकुरला आणि सुटा भाग मिळाला नाही तर विमान उडायला मोकळं असतं, पण टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, कॅट थ्री काढून कॅट वन लिहितो. सकाळी दिल्लीची फ्लाइट असेल तर ऑपरेशनवाल्यांचे फोन सुरू. बाहेरून बघणाऱ्याला विमान ठणठणीत.

रेडिओ अल्टिमीटर म्हणजे पोटाखालून जमिनीवर लहर मारून उंची मोजतो तो. ऑटोलँडचं सगळं फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, त्याच्यावर. तो ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेत ५जी वरून जो गोंधळ झाला तो यामुळेच, त्यांचा एक पट्टा याच्या जवळ आला होता. आपला ५जी ३.३ ते ३.६७ मध्ये, जरा लांब. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत या पट्ट्यातले टॉवर नकोत. लोहगाव किंवा नागपूर विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी 'आमच्याकडेच ५जी का नाही' म्हणून तेव्हा जी बोंब मारली त्याचं मूळ हे.

मिरचीभजी:
विमाननगरात राहतो. ५जी सोडा, घरात फोनच लागत नाही. त्याचाही दोष अल्टिमीटरला देऊ का?

इसारकाठी:
एक सांगा, लँडिंग एवढं सुरक्षित तर धुक्यात अपघात होतात ते कुठे?

उजवी_सीट:
जमिनीवर. हे मी स्वतःहून लिहिणारच होतो.

२७ मार्च १९७७, तेनेरिफे. दोन जंबो जेट, दोन्ही जमिनीवर. एक धावपट्टीवर टॅक्सी करतंय, म्हणजे जमिनीवरून हळू चालतंय, दुसऱ्याने परवानगी नसताना टेकऑफ सुरू केला. धुक्यात एकमेकांना दिसले तेव्हा फार उशीर झाला होता. ५८३ माणसं गेली. ८ ऑक्टोबर २००१, मिलानचं लिनाते. एका छोट्या जेटने धुक्यात चुकीचा टॅक्सीमार्ग धरला आणि ते धावपट्टीवर आलं, समोरून टेकऑफ घेणारं प्रवासी विमान. ११८ मृत्यू. टॅक्सीमार्गांवरच्या खुणा धड नव्हत्या आणि जमिनीवरचं रडार चालू नव्हतं. दोन्हीकडे आकाशातून उतरण्याचा काही संबंध नाही.

म्हणून दिल्लीत उतरल्यावरचा भाग मला जास्त ताणाचा वाटतो. ऑटोपायलट सोडला की सगळं आपल्यावर. हिरव्या मध्यदिव्यांच्या मागे चालायचं, माणूस चालतो त्या वेगाने. समोर लाल दिव्यांची आडवी रांग लागली की थांबायचं, टॉवरने तोंडी परवानगी दिली तरी लाल विझल्याशिवाय ओलांडायचं नाही. कॅप्टन चालवतो, मी मांडीवर नकाशा ठेवून मोठ्याने वाचतो: आता डावीकडे सी-थ्री येईल, आला, पुढचा उजवीकडे. कधी कधी 'फॉलो मी'ची जीप पुढे येते. तिचा पिवळा दिवा दिसतो, जीप दिसत नाही. तोंडाला फेस येतो म्हणतात ते इथे.

बकुळा:
बापरे. पुढच्या वेळी उतरल्यावर विमान रांगतंय म्हणून कुरकुर करणार नाही. आमच्या कोल्हापूर, नांदेडसारख्या छोट्या विमानतळांना असं काही मिळेल का?

निवृत्त_बिनतारी:
कॅट थ्री नाही मिळणार, आणि मिळू नये असं माझं मत. खर्च फक्त अँटेनाचा नसतो. मध्यरेषेत दर १५ मीटरवर दिवे, टेकायच्या पट्ट्यात दिवे, जनित्रं, जमिनीवरचं रडार, माणसं. वर्षातल्या दोन-चार धुक्याच्या सकाळींसाठी हे कोण करणार?

त्यांच्यासाठी गगन आहे. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची उपग्रह यंत्रणा, जीपीएसचा आकडा सुधारून विमानाला देते. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानात किशनगडला एक एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान, त्यावर उतरवून दाखवलं. धावपट्टीशेजारी काही उभारावं लागत नाही, गवतही कापावं लागत नाही! पण त्यावर फार तर कॅट वनच्या आसपास जाता येतं. ढग खाली आले असताना उपयोग मोठा, दिल्लीसारख्या धुक्यात नाही.

बकुळा:
शेवटचा, स्वार्थी प्रश्न. जानेवारीत आईबाबांना घेऊन पुणे-दिल्ली करायचंय. दोघांचेही गुडघे, त्यामुळे विमानतळावर रात्र काढणं शक्य नाही. कोणती फ्लाइट घेऊ?

उजवी_सीट:
दिल्लीला दुपारी एक ते पाचच्या मधे पोचणारी घ्या. धुकं असलंच तरी तोवर बहुतेक उठलेलं असतं, आणि सकाळची तुंबलेली रांगही थोडी ओसरलेली असते. पुण्याहून पहाटेची अजिबात नको. रात्री उशिराची पोचणारीही नको, कधी कधी मध्यरात्रीच धुकं बसतं.

दुसरं, तुमचं विमान त्या दिवशी आधी कुठून येतंय ते ट्रॅकिंगच्या अॅपवर बघा. सकाळी दिल्लीहूनच पुण्याला येऊन परत जाणारं असेल तर पुण्यात लख्ख ऊन असूनही तुम्ही अडकणार. अहमदाबाद किंवा बंगळूरकडून येणारं बरं. जोडविमान, म्हणजे मधे विमान बदलावं लागणारं तिकीट, घेऊ नका. घ्यायचंच असेल तर एटीआर टाळा, त्यांना कॅट टूपर्यंतच उतरता येतं.

पाषाणकर:
आणि आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा दिल्लीचा धुक्याचा अंदाज बघा. दोन-तीन दिवस आधीचा बघून तिकीट बदलायला धावू नका.

हँगरमधला:
औषधं आणि खायचं हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत नको. विमान जयपूरला वळलं तर बॅग पोटातच राहते. जयपूरला जागा भरली की अहमदाबाद.

ठोकताळा:
त्यापेक्षा रेल्वेने जा.

मिरचीभजी:
ठोकताळा, धुक्यात रेल्वेचं काय होतं त्यासाठी वेगळा धागा काढा. रुळांवर फटाके लावतात ते तिथे लिहितो.

बकुळा:
दीडला पोचणारी बघतेय, ती बंगळूरहून येते. आभारी आहे मंडळी. दिरांना या धाग्याची लिंक पाठवलीये, अजून निळी टिक आलेली नाही.